सगळ्यांचं घर

हाव्रिलो सभेहून आला आणि टोपी न काढताच बाकड्यावर बसला, तेव्हाच त्याच्या बायकोनं, येव्दोखानं, ओळखलं की हा काहीतरी देऊन आलाय. काही मिळवून आलेला माणूस असा बसत नाही.

तिनं त्याच्यापुढं बटाट्याचं कालवण ठेवलं. त्यानं चमचा उचलला, परत ठेवला आणि वर छताकडं बघत राहिला. छत म्हणजे काय, तर पॉप्लरच्या फांद्या, त्यावर गवत आणि गवतावर माती. हात वर केला की तळवा टेकायचा. भुईत खणलेल्या या घरात त्यांचा हा तिसरा उन्हाळा. समुद्रापल्याडच्या गावी कोंबड्यांनाही याहून उंच खुराडं होतं, असं येव्दोखा अधूनमधून म्हणायची. आज म्हणाली नाही.

"बोल," ती म्हणाली.

"घर बांधायचं ठरलं. टेकाडावर. सगळ्यांचं."

"बरं झालं."

"बसायला-उठायला, सभेला. पाद्री फिरत फिरत आला तर त्यालाही. पुढं पोरांच्या शाळेला."

"बरं झालं म्हटलं ना."

"ओंडके लागणार."

"लागणारच. हवेवर थोडंच बांधणार?"

"पॉप्लर नको म्हणतो ओनुफ्री. पिळवटतो. स्प्रूसच पाहिजे. तोही वाळलेला."

सबंध वस्तीत वाळलेला स्प्रूस एकाच जागी होता, त्यांच्या दारात.

दोन हिवाळे हाव्रिलोनं ते ओंडके नदीकाठच्या रानातून बैल जुंपून बर्फावरून ओढत आणले होते. एका खेपेला त्याच्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली आणि वस्तीतली औषधपाणी नि बाळंतपणं करणाऱ्या हाफिया आजीनं ती कापून टाकली. ओंडक्यांची साल येव्दोखानं आणि तेक्लानं काढली. तेक्ला तिची थोरली. डिंकानं मायलेकींचे हात असे माखायचे की पाव मोडताना पाव हाताला चिकटून यायचा. मग दगडांवर रचून, मध्ये चिपा घालून, वारा खेळेल असे ते वाळत ठेवले. रोज सकाळी भुईतून वर आली की येव्दोखाची पहिली नजर त्यांच्यावर जायची. गवतात काठीनं रेघा ओढून ती तेक्लाला दाखवायची: इथं चूल, इथं खिडकी, खिडकी दक्षिणेला, इथं तुझी झोपायची फळी. गवत वाढलं की रेघा बुजायच्या. ती पुन्हा ओढायची.

"दिलेस?" तिनं विचारलं.

"हात वर केला."

"तू एकट्यानंच?"

"बाकीच्यांकडं वर करायला होतं काय?"

तिनं त्याच्यापुढचं वाडगं उचललं, कालवण परत भांड्यात ओतलं. मग पाठ फिरवूनच म्हणाली, "मला दिवस गेलेत."

हाव्रिलोनं आता टोपी काढली.

"निकोलाच्या सणाच्या सुमाराला होईन मी बाळंत. ऐन बर्फात. कुठं होऊ? त्या कोपऱ्यात?"

त्या कोपऱ्यात गेल्या हिवाळ्यात त्यांची धाकटी, ओरिस्या, गेली होती. भिंतीची ओल रात्री गोठायची, दिवसा चूल पेटली की वितळून तिच्या अंथरुणात उतरायची. पोर खोकत राहिली आणि एके दिवशी खोकायची थांबली. तिथं आता बटाट्याचं पोतं ठेवलेलं असायचं, म्हणजे कुणी बसायला नको.

"लोकांपुढं शब्द दिलाय, येव्दोखा," हाव्रिलो म्हणाला.

"आणि मला दिला होतास तो? तो काय बैलापुढं दिला होतास?"

हाव्रिलो टोपी हातात फिरवत राहिला. तो असाच होता. आतली गोष्ट ओठांपर्यंत यायला त्याला एक हंगाम लागायचा.

*

ओंडके जायला लागले तेव्हा गवतावर माश्यांचे आणि डासांचे ढग होते. बैलांच्या नाकपुड्यांना माश्या चिकटलेल्या, आणि बैल मान झटकून जू वाजवत चाललेले. ओंडक्याला साखळी बांधायची, बैलाला हाक द्यायची, ओंडका एकदा कण्हल्यासारखा वाजायचा आणि निघायचा. मागं गवतात चापट वाट पडायची. येव्दोखा दारात कांदे निवडत बसली होती. मान वर करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. पण प्रत्येक ओंडका ती ओळखत होती. हा खालच्या टोकाला वाकडा, तो चुलीच्या बाजूला घालायचा. हा गाठीचा. हा सगळ्यांत सरळ, उंबऱ्यासाठी राखलेला.

शेजारची किलिना कमरेवर हात ठेवून येऊन उभी राहिली. ती डोंगरापलीकडच्या मुलखातली. बोली जरा वेगळी, झग्याची नक्षी वेगळी आणि क्रॉसची खूण करताना हातही वेगळ्या चालीनं फिरायचा. यावरून दोन्हीकडचे बाप्ये गेली दोन वर्षं एकमेकांशी तिरके वागत होते. बायकांना एवढी सवड नव्हती.

"चाललं गं बाई तुझं घर टेकाडावर," किलिना म्हणाली. "नवऱ्याला म्हणावं, चूलही देऊन टाक. मग तुला स्वयंपाकाचा तरी त्रास नाही."

"तुझा नवरा काय देतोय?"

"सल्ला," किलिना म्हणाली. "भरपूर देतोय. घरातलाही संपवलाय."

येव्दोखाला हसू आलं आणि ते आलं म्हणून रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकाडावर गेली. हाव्रिलो गवत कापायला गेला होता, ते बघूनच गेली. ओनुफ्री ओंडक्यावर पाय फाकून उभा होता आणि वाकसानं त्याची बाजू तासत होता. ढलप्या पायाशी पांढऱ्याशुभ्र पडत होत्या. तो या रानात आलेला पहिला माणूस. वाचता येणारा, प्रार्थना म्हणणारा, सुतारकी जाणणारा. त्याचं घर कधीच उभं राहिलं होतं, चुन्यानं रंगवलेलं, आत फळ्यांची जमीन. वाईट माणूस नव्हता. फक्त कुणी चूक दाखवावी असं त्याच्या आयुष्यात बरेच दिवस घडलं नव्हतं.

"ओनुफ्री काका, अर्धे तरी परत द्या," येव्दोखा म्हणाली. "एक खोली होईल एवढे."

त्यानं वाकस थांबवला नाही. "अर्ध्या ओंडक्यांत अर्धं घर होतं, पोरी. अर्ध्या घरात कोण सभा घेणार?"

"आणि मी कुठं राहू?"

"हिवाळ्यात सगळे मिळून तुमच्यासाठी पॉप्लर तोडू. वसंतात उभं करू."

"पॉप्लर पिळवटतो म्हणालात."

"लहान घराला चालतो."

"माझं पोर निकोलाच्या सणाला येणार आहे, काका. वसंतापर्यंत ते थांबणार नाही."

आता वाकस थांबला. ओनुफ्रीनं तिच्याकडं पाहिलं नाही. दूर तळ्याकडं पाहिलं आणि कानकोंडा होऊन म्हणाला, "बायकांच्या गोष्टी बायकांत बोलाव्यात."

बाजूला खाचा पाडणारे दोघंतिघं खाली माना घालून उगाच जोरात ठोकायला लागले. येव्दोखा टेकाड उतरली. सावकाश उतरली. घाईनं उतरली असती तर त्यांना वाटलं असतं, रडायला चाललीय.

*

पाऊस आला तो बाजूनं येणारा, वाऱ्यावर लोळत येणारा, दोन दिवस न थांबणारा. तिसऱ्या दिवशी छतातून एक मातीचा गोळा सुटून थेट कणकेत पडला. मग पाणी उतरलं. तेक्ला वाडगी, बादली, बापाचा जुना बूट, जे सापडेल ते धारेखाली धरत होती. येव्दोखा नि हाव्रिलो फावड्यानं चिखल बादलीत भरून बाहेर फेकत होते. तो वर उभा, ती खाली, ती भरून द्यायची, तो घ्यायचा.

"आपलं घर असतं आता," ती खालून म्हणाली. सारखी तेच म्हणत होती. "चार भिंती झाल्या असत्या आत्तापावेतो."

हाव्रिलोनं बादली घेतली, ओतली, परत दिली.

"ओरिस्याला नेली," तो म्हणाला, "त्या दिवशी."

ती थांबली. त्या दिवसापासून त्यानं हे नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"पेटी मी केली होती. खाली ठेवायला जागा नव्हती, गं. आत ती दारातून वळेना. बाहेर बर्फ. लोक आले होते सगळे, इकडचे, तिकडचे. सगळे उभेच. मग पेटी गाडीवर ठेवली. ओनुफ्री प्रार्थना म्हणायला लागला आणि वाऱ्यानं त्याचा शब्द नेला. कुणालाच ऐकू आलं नाही. बर्फ पेटीवर बसत होता नि मी आपला हातानं झाडत होतो. झाडला की परत बसायचा." त्यानं नाक शिंकरलं. "माणसाला माणसं आली तर आत घ्यायला एक जागा पाहिजे. एवढंच माझ्या डोक्यात. हात कधी वर गेला मलाच कळलं नाही."

पाऊस त्याच्या टोपीच्या कडेवरून तिच्या तोंडावर गळत होता.

येव्दोखाच्या मनात त्याला म्हणायला खूप काही होतं. मेलेलीसाठी घर बांधतोस आणि जिवंताला बिळात ठेवतोस, असं तिच्या जिभेवर आलंही. पण तो माणूस दोन बोटं कमी असलेल्या पायावर चिखलात उभा होता आणि रिकामी बादली धरून होता. "घे," ती म्हणाली आणि फावडं भरलं.

राग गेला नाही. पण आता तो एकट्या हाव्रिलोवर नव्हता. तो कुणावर आहे हेच तिला नीट सापडेना, आणि असा राग घेऊन कामं फार होतात. तिनं त्या आठवड्यात सगळं छत नव्यानं शाकारलं.

*

भिंती उभ्या राहिल्या, वासे चढले. मग लिंपणाचा दिवस ठरला. अशा कामाला त्यांच्यात टोलोका म्हणतात: ज्याचं काम त्यानं बोलवायचं, सगळ्यांनी यायचं, मजुरी कुणी घ्यायची नाही आणि ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं. पाहुण्यानं आपलं जेवण आणलं तर तो यजमानाचा अपमान. हे सांगावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबरच येतं.

सगळी वस्ती लोटली. बाप्यांनी पिवळी माती खणून खड्ड्यात टाकली, तळ्याचं पाणी ओतलं, वर पेंढ्याचं भुसकट आणि शेण. बायकांनी झगे वर खोचले नि खड्ड्यात उतरल्या. माती थंडगार, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. पाय रुतायचा आणि उपसताना पिचकन आवाज यायचा. येव्दोखा येणार नव्हती. पण नाही आली तर लोक म्हणणार, ओंडक्यांचा राग धरला. राग धरला होताच, पण तो लोकांनी का म्हणून बोलायचा? म्हणून ती आली आणि सगळ्यांत पुढं उतरली.

तुडवलेल्या मातीचे गोळे हातोहात भिंतीकडं जायचे. बायका ते ओंडक्यांवर थापायच्या, तळव्यानं ओढायच्या. आपल्याच ओंडक्यांना येव्दोखा झाकत होती. गाठीचा ओंडका आला तेव्हा तिनं क्षणभर हात ठेवला आणि मग त्यावरही माती ओढली.

सूर्य डोक्यावर आला. बाप्ये हात धुऊन सावलीला बसले. बायका कडेला टेकल्या. बसले, आणि बसूनच राहिले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेकानं इकडंतिकडं पाहायला सुरुवात केली. चूल पेटलेली नव्हती. भांडं नव्हतं. पाव नव्हता. ओनुफ्रीनं किलिनाच्या नवऱ्याकडं पाहिलं, त्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. रिवाजाप्रमाणं कुणीच काही आणलं नव्हतं, सगळे पाहुणे म्हणून आले होते. आणि काम सगळ्यांचं, म्हणून यजमान कुणीच नव्हता. जुन्या गावी देवळाच्या कामाला जमीनदाराकडून दारूचं पिंप यायचं, पाद्र्याची बायको पाव पाठवायची. इथं जमीनदार नाही म्हणून ज्यांनी देवाचे आभार मानले होते, त्यांच्या पोटात आता कावळे ओरडत होते.

मग एकेक नजर फिरत फिरत येव्दोखावर येऊन थांबली. ओंडके तिचे. भुईतलं घरही तिचंच सगळ्यांत जवळ.

"आम्हाला वाटलं," ओनुफ्रीची बायको हळूच म्हणाली, "की तुम्ही लोक घालणार जेवायला. ओंडके तुमचे म्हटल्यावर..."

येव्दोखाच्या कानशिलांवर रक्त चढलं. घरात अर्धं पोतं बटाटे होते, नव्या पिकापर्यंत पुरवायचे. ती उठली. मातीनं माखलेले हात तिनं पोटावरून बाजूला धरले.

"ओंडके माझे," ती म्हणाली. "बरं. मग घरही माझं का?"

ओनुफ्रीची बायको झग्यावरची माती खरवडायला लागली.

"बोला ना. मी जेवू घातलं तर मी यजमानीण. मग आत मी राहायला जाते. उद्याच जाते. आहे कबूल?"

"घर सगळ्यांचं आहे, पोरी," ओनुफ्री म्हणाला.

"मग सगळ्यांनी घालावं जेवायला. एकटीला कशाला बघताय? माझ्या अंगाला काय पाव लागलाय?"

सगळ्यांआधी किलिनाला हसू फुटलं. मोठ्यानं, गडगडून. मग तीच उठली. "आमच्याकडं मक्याचं पीठ आहे नि आंबट दूध. पोरांना धाडते. दुसऱ्यांनी काय ते आपापलं बघा."

पोरं चहूकडं पळाली. पण घरं लांब लांब पसरलेली, जाऊन यायला वेळ लागणार, आणि खड्ड्यातली माती कुणासाठी थांबत नाही. उन्हानं कडेनं तडकायला लागली होती. "वाळली तर सगळं तुडवलेलं वाया," हाफिया आजी म्हणाली. तिचे पाय सुजलेले असायचे, ती खड्ड्यात उतरायची नाही, कडेला बसून ओरडायची. "उतरा गं रांडांनो, भूक पायात घाला."

उतरल्या. उपाशीपोटी, घामानं चिंब, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून. भूक विसरायला कुणीतरी कापणीचं गाणं धरलं. ते इकडचं. दुसऱ्या कडव्याला किलिनाकडच्या बायकांनी तेच गाणं त्यांच्या चालीवर धरलं. दोन चाली जरा वेळ एकमेकींना ढोसत राहिल्या, मग पायांचा ठेका एकच असल्यामुळं दमून एक झाल्या. बाप्येही उतरले. ओनुफ्रीही, विजार गुडघ्यापर्यंत वळून, बगळ्यासारखे पांढरे पाय घेऊन.

येव्दोखानं मान वर केली तेव्हा तिला ते दिसलं. सगळीकडं गवतच गवत, आकाशाच्या कडेपर्यंत, त्यात ना कुंपण, ना देऊळ, ना आपलं म्हणावं असं एकही माणसाचं काम. आणि मधोमध हे, ओल्या मातीचं, वाफा टाकणारं, शेकडो तळव्यांच्या ठशांनी भरलेलं. आत्ताच भुईतून उठून उभं राहिल्यासारखं. तिच्या अंगावर काटा आला. पोटातलं पोर त्याच वेळी पहिल्यांदा हललं. तिला कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

जेवण आलं ते लांब फळीवर मांडलं. मक्याचा घाटा, काळा पाव, लसूण, कोबीच्या पानात गुंडाळलेले भाताचे मुटके, कुणाकडून नुसताच मुळा. दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा एका फळीला बसले. येव्दोखानंही आपले बटाटे आणले होते. इतरांपेक्षा एक मूठही जास्त नाही.

*

त्यानंतर कापणी, झोडणी, मग एका सकाळी तळ्यावर काचेसारखा पापुद्रा. टेकाडावरच्या घराला गवताचं जाड छप्पर चढलं, चुना लागला, आत मोठी मातीची चूल बांधली गेली. पाद्री काही आला नाही. वाटेत बर्फ लागला म्हणे. मग ओनुफ्रीनं ठरवलं की निकोलाच्या सणाला पहिली सभा घ्यायचीच. वस्तीला अजून नाव नव्हतं. नाव नाही म्हणून पत्रं दूरच्या ठाण्यात पडून राहायची. इकडच्यांना आपल्या जुन्या गावाचं नाव हवं होतं, तिकडच्यांना आपल्या. म्हणजे सभा मोठी होणार होती.

त्या सकाळी हाव्रिलो चूल पेटवायला लवकरच वर गेला. येव्दोखाला पहाटेपासून कमरेत ओढत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. तिनं बटाट्याचं पोतं त्या कोपऱ्यातून बाजूला ओढलं, पेंढा पसरला, त्यावर चादर टाकली. मग भिंतीला हात लावून बघितला. हात ओला झाला, बोटांना बर्फाची खर लागली.

तिनं तो झग्याला पुसला आणि चादर परत उचलून घडी केली.

"तेक्ला," ती म्हणाली, "माझा मेंढीचा कोट दे."

"कुठं निघालीस, आई?"

"सभेला."

टेकाडाची वाट रोजची, पण त्या दिवशी ती सरेना. बर्फ गुडघ्याएवढा, ऊन पांढरंफटक, थंडी अशी की श्वास घेतला की नाकात काटे फुटावेत. कळ आली की ती थांबायची, तेक्लाच्या खांद्यावर भार टाकून वाकायची, आणि कळ गेली की पुढं. तेक्ला रडत होती, "मागं फिरू, आई, मी हाफिया आजीला बोलावते."

"ती वरच आहे. सगळेच वर आहेत. मागं कुणासाठी फिरू?"

दार तिनं ढकललं तेव्हा आत ओनुफ्री बोलत होता. भिंतीकडेनं बाप्ये, चुलीजवळ बायका, सगळी घरं. ऊब तोंडावर आली. येव्दोखा मधोमध चालत गेली, चुलीपाशी पोचली, बाकड्याला धरून उभी राहिली.

"ओंडके मी दिले नव्हते," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता म्हणून तुकड्यातुकड्यानं म्हणाली. "नवऱ्यानं दिले. मी आज देते. पण माझं पोर मी भुईत नाही जन्माला घालणार. एक घातलं भुईत. आता नाही."

हाव्रिलो उठला होता. त्याचं तोंड चुन्यासारखं झालं होतं.

"इथं?" ओनुफ्री म्हणाला. "अगं, अजून पवित्र पाणी शिंपडलेलं नाही या घरावर. पहिली सभा. बाळंतपणाचा विटाळ..."

"ओनुफ्री," हाफिया आजी काठी टेकत उठली. "देवाच्या आईनं गोठ्यात बाळाला जन्म दिला, तेव्हा गोठा बाटला का? गाढवानं काय म्हटलं तिला, पाणी शिंपडल्याशिवाय नको म्हणून? तू त्या गाढवापेक्षा शहाणा का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण येव्दोखानं बाकडं दोन्ही हातांनी आवळलं आणि तिच्या घशातून जो आवाज आला त्यापुढं सभेचं काही चालणार नव्हतं.

"बाहेर," आजी म्हणाली. "जेवढे मिशीवाले आहेत तेवढे बाहेर. नि ज्यांना फुटायची आहे तेही."

"बाहेर गोठून मरू, आजी!" किलिनाचा नवरा म्हणाला.

"मग दे तिथं सल्ला गरम गरम," किलिना म्हणाली आणि त्याला पाठीत हात घालून दाराबाहेर काढलं.

बायकांनी दोरी बांधली, तिच्यावर आपापल्या घोंगड्या नि शाली टाकल्या, इकडची नक्षी, तिकडची नक्षी. पेंढा आला, पाणी तापलं. किलिना येव्दोखाच्या पाठीमागं बसली आणि तिला छातीशी धरून राहिली. बाहेर बाप्यांनी वेळ घालवायला नावाचाच वाद काढला. बर्फात पाय आपटत, काखेत हात घालून. भिंतीतून त्यांचे आवाज येत होते. आधी भांडणाचे. मग आतून किंकाळी गेली की थोडा वेळ काहीच नाही. मग परत, पण हलक्यानं. ऊन खिडकीतून एका भिंतीवरून दुसरीवर गेलं. आवाज थांबत थांबत शेवटी पार थांबले.

येव्दोखा उताणी पडली होती. तिच्या तोंडाची वाफ वर जात होती, सावकाश, वाशांपर्यंत, तिथून पुढं अंधारात. एवढ्या उंचीखाली ती तीन वर्षांत झोपली नव्हती. कळ आली की तिला वाटायचं, आपण फुटून जाणार, आणि फुटलो तरी मावू इतकी जागा इथं आहे.

आणि मग पोर रडलं. मुलगा होता, लालबुंद, मूठ आवळलेला, रागावलेला. त्याचं रडणं छपरापर्यंत गेलं नि सगळीकडून परत आलं, जसं काही घरातली प्रत्येक भिंत त्याला ओ देत होती. बायका हातातलं टाकून वर बघायला लागल्या. हाफिया आजीनं नाळ बांधता बांधता डोळे बाहीला पुसले आणि म्हणाली, "ऊन पाणी आणा, बघताय काय, मेल्यांनो."

बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. एकदाच, अगदी हलकी.

"येऊ का?" ओनुफ्रीचा आवाज. "माझं नाक गेलं बहुतेक."

आजीनं पोराला गुंडाळून येव्दोखाच्या कुशीत दिलं, घोंगड्या नीट ओढल्या आणि दार उघडलं.

बाप्ये आत आले. टोप्या हातात, मिशांवर बर्फाच्या काड्या, बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर. बाळंतिणीकडं बघायचं नाही, म्हणून कुणी घोंगड्यांकडं बघेना. खाली बघावं तर पेंढ्यावर रक्त होतं. मग बघायचं कुठं? त्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनीच. भिंतीकडेनं दाटीवाटीनं उभे राहून ती थोराड माणसं वाशांकडं, आपणच घातलेल्या खाचांकडं, गवताच्या छपराकडं बघत राहिली. हे एवढं मोठं आपण केलं हे जणू त्यांना आत्ताच कुणी सांगितलं होतं. हाव्रिलो त्यांच्यात होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

ओनुफ्रीनं घसा साफ केला. तोही वरच बघत होता.

"येव्दोखा," तो म्हणाला. लहान मूल झोपेतून उठू नये इतक्या हळू. "सभा सुरू करू का?"

घोंगड्यांच्या आडून पोर चुटूचुटू दूध ओढत होतं तेवढंच.

"करा," ती म्हणाली. "पण आधी दार लावून घ्या. घर गार पडतंय."